म्हैस फुटत नाही

फुटायला हवी.

तिचं एवढंच काम आहे. पोटात हवेचा एक दणका बसायचा, मधोमध उभा तडा जायचा, तोंड एकीकडे, शेपटी दुसरीकडे, आणि मधल्या अंधारात भिरभिरणारा कचरा. पडद्यावर चहाचा घोट गिळेपर्यंत संपेल इतकं. त्यासाठी दादाने आणि मी ती बांधली. सकाळपासून ती या हॉलमध्ये काळ्या कापडापुढे, लोखंडी नळीवर बसून आहे. आणि मला ठाऊक आहे, ती फुटणार नाही.

कशावरून?

उचलली त्यावरून. टेंपोतून उतरवताना माझी पकड सुटली, सगळा भार दादाच्या बाजूला गेला, आणि एवढं लांबलचक धूड कुरकुरलंसुद्धा नाही. फुटायची वस्तू उचलताना करकरते. हिने हूं की चूं केलं नाही.

"दादा, ही फार घट्ट झालीये."

"मग? वाटेत तुटली असती तर?"

"वाटेत नको. इथे तुटायला हवी ना."

"तुटेल गं चिमटे. हवेपुढे कोण टिकतं."

चिमटा म्हणजे मी. बारीक वस्तू चिमट्याने उचलते म्हणून, आणि बोलतेही तशीच म्हणून. नाव ठेवणारा तोच.

मी हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला जाते. परत येते. कुणीतरी म्हणतं, ताई बसा. बसते. उठते.

*

दादा माझा थोरला भाऊ. आमचं पोट बिल्डरांवर चालतं. इमारत उभी राहायच्या आधी तिचं छोटं मॉडेल लागतं, ते दादा करतो आणि मी रंगवते. स्पंज भिजवून हिरवी केलेली झाडं. पारदर्शक रेझिनचा तलाव, त्यात कधीही कुणी बुडत नाही. बाल्कनीत हात वर करून उभं असलेलं एक जोडपं, तेच जोडपं, प्रत्येक इमारतीत, वर्षानुवर्षं कुणाला तरी टाटा करतंय. कधीकधी मला वाटतं त्यांना खाली ढकलून द्यावं.

अंतराळयानं हा आमचा नाद. रात्रीचं जेवण झालं की वहिनी टेबल पुसते आणि म्हणते, "घ्या, मांडा तुमचा भंगारबाजार." घरात कपाटांवर, पलंगाखाली, फ्रिजवर अर्धवट यानं आहेत. एकही पूर्ण नाही. दादाला पूर्ण करणं जमत नाही, कारण पूर्ण झालं की कुणी तरी बघायला मागतं.

आणि या चित्रपटात एक मालवाहू यान फुटतं.

ते संगणकावर होणार होतं. ठरलेलं होतं. मी मध्ये पडले. दिग्दर्शिका बाईंना म्हटलं, आम्ही हाताने करून देतो, एकदा बघा तरी. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "एक दिवस देते. हॉल आहे, जलद कॅमेरा आहे. मनासारखं फुटलं तर चित्रपटात तेच. नाही फुटलं तर हे दोघं बसलेच आहेत."

ते दोघं खरोखरच बसले आहेत. कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप, चेहरे साधे, वागणं इतकं सभ्य की त्यांचा राग करायलाही जागा ठेवत नाहीत. मघाशी एकाने मला बिस्किटं देऊ केली. मी घेतली, तेही मला आवडलं नाही.

आज फुटली तर आम्ही यानं बांधणारी माणसं. नाही फुटली तर उद्यापासून स्पंजची झाडं, आणि मी पुन्हा कुणाला शब्द द्यायला तोंड उघडणार नाही.

*

म्हैस हे नाव आमच्या यानाला राखाडी प्राइमर मारला त्या दिवशी पडलं. पटकथेत तिचं काहीतरी भारदस्त नाव आहे. ते आमच्या तोंडात बसलं नाही.

तर आधी सांगाडा. पांढऱ्या प्लास्टिकची शीट घ्यायची, कटरने खाच ओढायची, आरपार नाही, नुसती खाच, मग दोन्ही हातांनी वाकवायची की टक्कन सरळ रेषेत —

"ताई, नळी जरा वर घेऊ का? हिचं पोट टेकतंय." हॉलमधलं कुणीतरी विचारतं.

"घ्या. पण रंगाला हात नको."

— सरळ रेषेत मोडते. कडा जुळवायच्या आणि ब्रशने पातळ द्राव सोडायचा. लोक त्याला गोंद म्हणतात. तो चिकटवत नाही, दोन्ही कडा वितळवून एक करतो. वाळल्यावर सांधा शोधून सापडत नाही. दादाच्या सांध्यांचा मला गर्व होता, कालपर्यंत.

मग कातडी. घरातलं जे जे प्लास्टिक मेलं ते तिच्या अंगावर गेलं. शाम्पूची टोपणं शेपटीला, तिथून आग निघते असं समजायचं. दाढीच्या रेझरचे दांडे, गोळ्यांची रिकामी पाकिटं, बिघडलेल्या प्रिंटरच्या पोटातली चक्रं, खेळण्यातल्या रणगाड्याची चाकं, आणि वहिनीचं एक चहाचं गाळणं, ज्याच्याबद्दल घरात अजून चौकशी चालू आहे. ढीग वाटतो. मग राखाडी प्राइमरचा एक हात बसला की सगळ्या वस्तू आपापलं माहेर विसरतात. टोपण टोपण राहत नाही. गाळण्याची तर रडार यंत्रणा —

"हिच्या आत दिवे आहेत का?" हे बारूद विचारतोय.

बारूद हा धमाके करणारा माणूस. आयुष्यभर दारू भरून वस्तू उडवल्या. आता तो टाकीत हवा दाबतो, ती नळीतून एका झटक्यात सोडतो, सोबत बुचाचा भुगा आणि चमचमणारी पूड. दारू सुटली, नाव राहिलं.

"दिवे नाहीत. मजले आहेत."

"मजले?"

"आत. फुटल्यावर दिसायला."

बारूदने म्हशीच्या पोटावर टिचकी मारली. ऐकलं. पुन्हा मारली. माझ्याकडे पाहिलं. मी नळीकडे पाहिलं.

— आणि रंग. रंग माझा. राखाडीवर राखाडी, प्रत्येक चौकोन शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा, कारण एवढं मोठं जहाज एकाच दिवशी, एकाच डब्यातून कोण रंगवेल? मग ओल्या अंगावर मिठाचे दाणे चिकटवायचे, वाळू द्यायचे, वरून फिकट रंग फवारायचा, आणि वाळल्यावर दाणे खरवडून काढायचे. दाण्याखालचा जुना रंग उघडा पडतो, झिजल्यासारखा. मग तेलरंग खूप पातळ करून खाचांत सोडायचा, तो आपोआप धावतो. मग ब्रशने ओघळ ओढायचे, वरून खाली.

यावर आमचं मोठं भांडण झालं होतं.

"अंतराळात खाली कुठून आलं गं?"

"बघणारा खुर्चीवर बसलाय ना? त्याचं खाली तेच खाली."

"शास्त्राला धरून नाही ते."

"वहिनीचं गाळणं शास्त्राला धरून आहे का?"

ओघळ राहिले. कॅमेऱ्याकडची बाजू मी अशी केली की लांबून बघताना माझा मलाच थंड वारा लागायचा. मागची बाजू पांढरी, कोरी. मागून कोण बघतंय?

*

मजले का केले?

कारण एका संध्याकाळी मी विचारलं, "फुटल्यावर आत काय दिसेल?"

"काय दिसणार? पोकळ."

"म्हणजे डबा. डबा फुटला, एवढंच दिसेल."

दादा जेवता जेवता थांबला. हात ताटात तसाच. मला वाटतं चूक तिथेच झाली, आणि ती माझ्या तोंडातून सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून तो आत मजले बांधायला लागला. मजल्यांना दारं, दारांबाहेर शिड्या, शिड्यांना कठडे केसाएवढे. कठडा असला की डोळा माणसाची उंची धरतो, आणि मग जहाज आपोआप प्रचंड होतं. मी भिंती रंगवल्या. काठांना पिवळ्या रेघा दिल्या. आणि प्रत्येक मजला दादाने चारही बाजूंनी कातडीला जोडला. द्रावाने. नीट.

म्हणजे जी वस्तू फुटावी म्हणून पोकळ असायला हवी होती, तिला आम्ही बरगड्या दिल्या. फुटल्यावर छान दिसावं म्हणून. दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. जन्मभर तुटू नये म्हणून जोडत आलो, हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

*

पहिला दणका.

कॅमेरा सुरू. बाई पडद्यासमोर. बारूदने बोट वर केलं. खाली केलं.

फुस्स.

म्हशीच्या खिडक्यांमधून भुगा बाहेर आला. सगळ्या खिडक्यांमधून एकदम, सारखा, व्यवस्थित. म्हैस शिंकली आणि पुन्हा स्थिर बसली. शेपटीचं एक शाम्पूचं टोपण तेवढं सुटलं, जमिनीवर गडगडत गेलं आणि बाईंच्या बुटाला जाऊन टेकलं.

कोपऱ्यातल्या दोघांपैकी एक हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

मी दादाकडे पाहिलं. त्याचा गळा धरावासा वाटला. तो खूश होता! ओठ दाबून ठेवले होते, पण डोळे? डोळे बारशाला आल्यासारखे.

"अजून हवा भरू?" बारूद.

"भरा," मी.

दुसऱ्या दणक्याला म्हैस अख्खी नळीवरून उडाली आणि तुकडे झेलायला पुढे बांधलेल्या जाळ्यात जाऊन पडली. अख्खी. बारूद तिच्याजवळ गेला, वाकून चौफेर बघितलं.

"ताई, ही बांधलीये की ओतलीये?"

बाई उठल्या. टोपण माझ्या हातात दिलं. "संध्याकाळी हॉल दुसऱ्यांना द्यायचाय. जेवणानंतर एकदा करू. एकदाच." मग कोपऱ्याकडे वळून, "तुम्ही तुमची तयारी ठेवा."

तुमची तयारी. दोन शब्द. मी टोपण मुठीत इतकं दाबलं की त्याची कड तळव्यात उमटली.

*

"खूश झालास ना?"

"नाही गं."

"मी पाहिलं. तुला वाटतंय कशी बांधलीये बघा. बघितलं सगळ्यांनी! आता घेऊन जाऊ घरी, ठेवू फ्रिजवर."

"ओरडू नकोस, लोक आहेत."

"असू देत. शब्द मी दिला होता. तू कुठे दिला होतास? तुला काय, तू झाडं करशील."

"तूही करशील."

"मी नाही करणार. त्या टाटा करणाऱ्या बाईचा हात एक दिवस मी मोडणार आहे."

दादा जरा हसला. मग हसणं गेलं. तो म्हशीसमोर बसला, पोटाला कान लावल्यासारखा.

"मागच्या बाजूने नळीचं भोक मोठं करता येईल," तो म्हणाला. "हात आत जाईल. मजले मोडून सुटे करायचे, तुकडे पुन्हा मेणाने टेकवायचे. मेण पहिल्या झटक्याला सोडतं."

"मग कर."

"पण पुढच्या कडा राहतात. पुढच्या कातडीला जोडलेल्या. तिथे मागून हात पोचत नाही. पुढून कापावं लागेल."

पुढून. माझ्या बाजूने. मिठाच्या दाण्यांवरून, ओघळांवरून, त्या सगळ्या किंचित वेगळ्या राखाडींवरून.

"काप," मी म्हटलं आणि करवत उचलली. पातळ, दात नखाला जेमतेम जाणवतील अशी. पहिल्या खाचेवर टेकवली. हात हलेना. खरंच हलेना, जणू दुसऱ्या कुणाचा. एक ओघळ होता तिथे, तो मला तीनदा पुसून पुन्हा ओढावा लागला होता. मूर्खपणा आहे हे कळत होतं. उडवायलाच तर रंगवलं होतं!

बाजूला दादा. त्याचा हात कोपरापर्यंत मागच्या भोकात. तोही हलत नव्हता.

"काय झालं?"

"शिडी हाताला लागली."

"मग मोड."

"मोडतो."

"मोड की."

"तू काप आधी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लहानपणी आई दोघांना एकच कडू औषध द्यायची तेव्हा असंच बघायचो, आधी कोण गिळतं.

"इकडे ये," मी म्हटलं. "करवत घे. मला ते भोक दे."

"म्हणजे?"

"तू माझा रंग काप. मी तुझे मजले मोडते."

*

"हळू!"

"हळूच करतोय."

"खाचेत धर. खाचेत! मुळातच जिथे रेघ आहे तिथून जा, म्हणजे काप दिसणार नाही."

"मला शिकव आता. मी घातल्यात त्या रेघा."

"डावीकडे ओघळ आहे, सांभाळ."

"तू काय मोडलंस आता? केवढा आवाज!"

"दार."

"कुठलं दार?"

"होतं एक."

"दुहेरी होतं का? सरकतं?"

"आता नाहीये."

"चिमटे, माणूस आहेस का कोण!"

"कडा वाकड्यातिकड्या मोडतेय. सरळ मोडल्या तर कापल्यासारखं वाटेल. बरोबर ना?"

"...बरोबर."

"सांग ना मग बरोबर म्हणून."

"बरोबर! त्या शिडीला जरा..."

टक्क.

"काय होतं ते?"

"तुझी शिडी."

बारूदने मेण वितळवून आणून दिलं आणि जेवायला न जाता तिथेच उभा राहिला. मला एक विचित्र गोष्ट कळली. मोडताना मजा येत होती. प्रत्येक टक्क पाठीतून वर जायचा. सकाळपासून अंगात जे काही येरझाऱ्या घालत होतं ते बोटांतून बाहेर पडत होतं. आणि दादा, ज्याने आयुष्यात माझ्या रंगाला कधी 'ठीक' यापलीकडे शब्द दिला नाही, तो करवत ओढताना प्रत्येक ओघळाला वळसा घालत होता. खाच चुकली असती तरी चाललं असतं. कॅमेऱ्याला दिसलं नसतं. तरी घालत होता.

कापांवर मी पातळ काळा रंग सोडला. तो आत धावला, आणि कापाची पुन्हा रेघ झाली. म्हैस बाहेरून जशीच्या तशी. आतून सगळी मेणावर.

"उचलू या," दादा म्हणाला.

उचलली.

करकरली.

आम्ही दोघं श्वास धरून, नववधूला उंबरठा ओलांडायला लावावं तशी तिला नळीवर घेऊन गेलो.

*

जेवणानंतर, एकदा.

बाई पडद्यासमोर. दोघं सभ्य उभे राहिलेत, मान लांब करून. बारूद बटणाशी. हवा पहिल्याइतकीच ठेवलीये, तो म्हणतो, जास्त मारली तर मेण आधीच —

कळलं, मी म्हणते, कळलं, मारा.

कॅमेरा सुरू.

बोट वर. मी बघणार नाही. मी दादाकडे बघेन. दादा माझ्याकडे बघतोय. म्हणजे दोघांपैकी कुणीच —

धप्प.

आवाज वेगळा होता. पोकळ, मऊ, मोठा. अंगावर भुगा आला. मी वळले तेव्हा नळी रिकामी होती आणि जाळं हलत होतं.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

पडदा. संथ. म्हैस शांत. मग पोटावर, रेघेवर, जिथे दादाने ओघळाला वळसा घातला होता अगदी तिथून, काळोख उगवला. रेघ रुंदावली. कातडी पाकळीसारखी वर आली आणि आतून मजले बाहेर निघाले, एकेक, पिवळ्या रेघांसकट, वाकड्या कडांसकट. एक कठडा सुटून वळत वळत कॅमेऱ्याकडे आला, आणि त्या कठड्यामुळे बाकीचं सगळं एकाएकी एवढं मोठं झालं, एवढं मोठं. आत माणसं होती असं वाटलं. आम्ही माणसं केलीच नव्हती.

कोपऱ्यातला एक हळूच म्हणाला, "बाप रे." दुसऱ्याने लॅपटॉप मिटला.

बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. हनुवटीवर हात.

"हे घेतलं," त्या म्हणाल्या. "चित्रपटात हेच."

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मी बसले, आणि बसून राहिले, दिवसात पहिल्यांदा.

"फक्त," बाई म्हणाल्या.

मी मान वर केली.

"हेच खालून हवंय. जहाज डोक्यावर फुटतंय असं. दुसरं किती दिवसांत होईल?"

दुसरं! मी तोंड उघडलं. म्हणणार होते, बाई, एवढं एक करताना आमचं घर, आमचं टेबल, वहिनीचं गाळणं... दादाचं मत घ्यावं म्हणून वळले. तो जागेवर नव्हता.

जाळ्यात गुडघ्यांवर बसला होता. तुकडे उचलत होता, उजेडात धरून बघत होता, दोन ढीग करत होता.

"हे चालेल. हे चालेल. हे गेलं. चिमटे, खालून बघायचंय म्हणजे तळ दिसणार, तळाला आपण काहीच केलं नव्हतं." एक मजला त्याने उलटा करून धरला. "आणि या वेळी मजले आधी मोडून घे. मग रंगव."

"मी मोडू?"

"मग काय, मी?" तो पाठमोराच म्हणाला. "माझ्याच्याने होत नाही ते."